तिसरी रांग

शिपायानं खडूनं फरशीवर दोन रेघा ओढल्या आणि मासळी बाजाराचे तीन भाग झाले. पहिली रांग कणकवलीच्या पेडणेकर बंधूंची, दुसरी बाबल नेरूरकरांची आणि तिसरी, भिंतीकडची, माझी. चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. पण सगळ्या बाजाराचं पाणी उतारानं वाहत येऊन जिथे साचायचं, ती ही तिसरी रांग.

"दोन तास," दारात उभे असलेले पाटणकरसाहेब म्हणाले. ते नगरपंचायतीचे आरोग्य निरीक्षक. बदली होऊन घाटावरून आलेले. नाकावरचा रुमाल त्यांनी एवढं बोलण्यापुरताच बाजूला केला. "चार वाजता मी येऊन बघतो. ज्याची रांग चांगली, त्याला बाजार धुण्याचं वर्षाचं काम."

सोमवार होता. सोमवारी आमच्या गावात मासळी खाणारी घरं थोडी, म्हणून बाजार बंद. कोळणी आपापले पाट, विळ्या आणि टोपल्यांवर घालायची गोणपाटं जागेवरच ठेवून रविवारी घरी गेल्या होत्या. नुसता वास होता आणि चार मांजरं.

पेडणेकर बंधूंनी जोरानं पाणी मारायचं मशीन सुरू केलं तसा सगळा मांडव घुमायला लागला. त्यांचं मशीन माझ्या मशीनच्या दुप्पट होतं. दोघांच्या अंगात एकसारखे निळे शर्ट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे बूट. बाबल नेरूरकरांचं मशीन जुनं, पण हात बारा वर्षांचा. गावातल्या प्रत्येक विजेच्या खांबावर त्यांच्या वॉशिंग सेंटरचा नंबर होता. आणि मी, सुलभा धुरी, वय बेचाळीस. चार महिन्यांपूर्वी काजूच्या कारखान्यात होते.

कारखान्यात मी सोळा वर्षं काढली. आधी कटिंगला, मग बॉयलरवर. तो बंद झाला तेव्हा हातात आलेल्या पैशांतून मी हे मशीन घेतलं. माझ्या नवऱ्यानं, जयवंतनं, एकदाच विचारलं होतं की हेच का. तो शिंपी. त्याचं दुकान एसटी स्टँडासमोर. मी म्हटलं, आपल्याकडे पाऊस संपला की अंगणात, गच्चीवर, कंपाऊंडवर शेवाळ धरतं, लोक पाय घसरून पडतात, आणि ते काढायला येतो कोण. त्याला पटलं. मलाही पटलं होतं. आम्हा दोघांना न सुचलेली गोष्ट एवढीच की हाच विचार आणखी तिघाचौघांनी त्याच वर्षी केला होता. त्यातले पेडणेकर तर मी सांगेन त्याच्यापेक्षा कमीच दर सांगायचे. वर लोकांना बाईच्या हातात ती पाण्याची गन बघून हसू यायचं. एका घरी मी अंगण धूत असताना मालकानं शेजाऱ्यांना बोलावून आणलं होतं, बघायला.

चार महिन्यांत मला सात कामं मिळाली. सातांतली दोन नात्यातली.

म्हणून मी ठरवलं होतं की बाजाराचं काम मिळालं तर धंदा करायचा, नाही तर मशीन विकायचं. विकायचं कुणाला तेही ठरलं होतं. बाबल नेरूरकरांनीच विचारलं होतं. त्यांचं मशीन दमलं होतं. मी त्यांना बुधवारी सांगते म्हटलं होतं, आणि कुडाळच्या दुसऱ्या एका काजू कारखान्यात जागा आहे का, याची चौकशीही करून ठेवली होती.

तर त्या सोमवारी दोघांचीही मशीनं सुरू झाली आणि मी मात्र बंब पेटवत बसले होते.

एक बंब आमचा, एक शेजारच्या घरातला. दोन्ही टेम्पोतून घेऊन आले होते, करवंट्यांच्या पोत्यासकट. धाकट्या पेडणेकरानं गन थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि भावाला काहीतरी म्हणाला. दोघं हसले. बाबल हसले नाहीत, पण त्यांनीही मान वळवून पाहिलं.

मला एक गोष्ट माहीत होती आणि तिच्यावर माझा सगळा भरवसा होता. कारखान्यात काजूच्या टरफलाचं तेल फरशीवर बसायचं. थंड पाणी कितीही जोरात मारा, फरशी चकचकीत दिसायची आणि वाळली की पुन्हा पाय सरकायचा. आम्ही दर शनिवारी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून खराट्यानं घासायचो, मग पाणी मारायचो. मासळीचंही तेलच असतं. इथे बायका पडायच्या त्या पाण्यावरून नाही, तेलावरून पडायच्या.

पाणी तापेपर्यंत मी रांग रिकामी करायला घेतली. बारा बायकांच्या बारा जागा होत्या. मी एकेक पाट, विळी, गोणपाट उचलून बाहेर पायरीजवळ ओळीनं मांडलं, आतल्यासारखंच, डावीकडून उजवीकडे. काही पाटांखाली टेकू म्हणून दगड होते, तेही त्या त्या पाटाबरोबर नेले. यात अर्धा तास गेला. कटिंगला असताना माझ्या जागेवर दुसरी कुणी बसली की माझा सगळा दिवस वाकडा जायचा, त्यामुळे हात आपोआपच तसे चालले. मी त्याचा विचार केला असं म्हणता येणार नाही. माझा विचार सगळा बंबाकडे होता.

बाहेर पायरीवर एक म्हातारी बसली होती. नऊवारी काष्टा, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. ती आवडाकाकी तांडेल, बाजारातली सगळ्यांत जुनी कोळीण. घर बाजाराला लागूनच, म्हणून सुट्टीच्या दिवशीही ती तिथेच असायची. मी मांडलेल्या पाटांकडे बघत तिनं मला विचारलं,

"तू खंयची गो?"

मी घर सांगितलं. सासऱ्यांचं नाव सांगितलं. तिनं मान हलवली आणि परत पाटांकडे बघायला लागली.

मग मी सोड्याचं गरम पाणी ओतलं आणि घासायला सुरुवात केली. फरशीतून पिवळट काळा फेस वर आला. इतक्या वर्षांचं होतं ते. घासून होईपर्यंत पेडणेकरांची रांग धुऊन झाली होती आणि ते बाहेर चहा पीत उभे होते. मी पाणी मारायला घेतलं तेव्हा बाबलही पाईप गुंडाळत होते. शेवटी मी पाट, दगड, विळ्या आत नेऊन होत्या तशा ठेवल्या आणि तेवढ्यात पाटणकरसाहेब आले.

साहेब तीनही रांगा बघत गेले. पेडणेकरांची रांग आरशासारखी चमकत होती. भिंतसुद्धा त्यांनी धुतली होती. बाबलची त्याच्या खालोखाल. माझी रांग वाळायला लागली होती आणि सोड्यामुळे तिच्यावर पांढुरकी झाक आली होती. शेजारच्या दोन रांगांपुढे ती आजारी दिसत होती.

"बाई, तुम्हाला सगळ्यांत जास्त वेळ लागला," साहेब म्हणाले. "आणि हे असं पांढरं का दिसतंय?"

मी म्हटलं, साहेब, चालून बघा. पण ते आधीच पहिल्या रांगेकडे वळले होते. काम पेडणेकर बंधूंना मिळालं.

घरी आल्यावर मी जयवंतला सगळं सांगितलं. त्यानं दोन्ही बंब घासून ठेवले, शेजारचा परत नेऊन दिला, आणि जेवताना एवढंच म्हणाला की कुडाळला जायचं तर सकाळची साडेसातची एसटी बरी पडेल. मी त्याला रागावले नाही. त्याच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं.

बुधवारी दुपारी बाबल नेरूरकर मशीन बघायला आले. आपली पिकअप घेऊनच आले होते. पन्नाशीचे, जाडसर, बोलायला हळू. त्यांनी मशीनचं तेल बघितलं, पाईपचा सांधा न सांधा हातानं चाचपला, सुरू करून पाच मिनिटं नुसता आवाज ऐकत उभे राहिले.

"वैनीनू, मशीन बरा ठेवल्यात," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमी गरम पाणी कित्याक घेतलात, ता माका घराक गेल्यार कळला. मी बारा वर्सा थंडच मारतंय."

मला त्या क्षणी रडू येईल असं वाटलं. गावातल्या एकानंतरी ते ओळखलं होतं, आणि तोच माझं मशीन घेऊन चालला होता.

आम्ही दोघांनी मशीन उचलून पिकअपमध्ये चढवलं. ते दोरी बांधत होते तेव्हा माझा फोन वाजला. नगरपंचायतीचा शिपाई होता. लगेच बाजारात या, साहेबांनी बोलावलंय, असं तो म्हणाला. का, ते सांगेना. मागे बायकांचा गलका ऐकू येत होता.

माझ्या मनात पहिलं आलं ते असं की सोड्यानं कुणाचे पाय भाजले. मी बाबलना तसं म्हटलं. त्यांनी दोरीची गाठ पक्की केली.

"बसा," ते म्हणाले. "मशीन हयसरच आसा. लागला तर लागला."

बाजारात पोचलो तर दारात पेडणेकर बंधू आपल्या निळ्या शर्टांत उभे होते. मशीन जोडलेलं, पाईप पसरलेला, पण बंद. आत छत्तीसच्या छत्तीस बायका आपापल्या पाटावर बसून होत्या. दुपारचा एक वाजून गेलेला. या वेळेला बाजार उठतो, बायका मोकळ्या टोपल्या घेऊन घरी जातात. मासळी संपलेली होती, गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तरी एकही जागची हललेली नव्हती.

शिपायानं मला कडेला घेऊन सांगितलं. पेडणेकर पहिल्या धुलाईला आले आणि त्यांनी बायकांना उठायला सांगितलं. कुणी उठलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. मग मोठ्यानं सांगितलं. बायका आपापसात गप्पा मारत राहिल्या. बसलेल्या बाईवर पाणी मारायचं कसं, म्हणून त्यांनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी कामाचा कागद दाखवला, तेव्हा आवडाकाकी पहिल्यांदा बोलली.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, ती तिसऱ्या रांगेवाली येवंदे, मगे उठतंव."

पाटणकरसाहेब घामाघूम झाले होते. ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही यांना काही सांगून ठेवलं होतंत का?"

मी म्हटलं, साहेब, यांच्यातल्या एकीचंही पूर्ण नाव मला माहीत नाही. ते खरं होतं आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांनाही ते खरं वाटलं असावं. त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं, बायकांकडे पाहिलं, पेडणेकरांकडे पाहिलं. मग म्हणाले, "आजच्या दिवस तुम्ही धुवा. बाकीचं ऑफिसात बघू."

मी आत गेले. आवडाकाकीसमोर जाऊन म्हटलं की मला बंब आणायला घरी जावं लागेल, अर्धा तास लागेल, चालेल का. सगळ्या हसल्या. आवडाकाकी गुडघ्यावर हात टेकून उठली. ती उठली तशी शेजारची उठली, तिच्या शेजारची उठली, आणि बघता बघता सगळा बाजार उभा राहिला. एवढ्या काकणांचा आवाज मी एकदम कधी ऐकला नव्हता.

बंब आणायला बाबलच गेले. मशीन त्यांच्याच पिकअपमधून उतरवलं. मग ते घरी गेले नाहीत. शर्ट काढून खांबाला अडकवला आणि बनियनवर खराटा घेऊन माझ्याबरोबर घासायला लागले. पहिल्या रांगेतून तसाच पिवळा फेस वर आला तेव्हा त्यांनी शिपायाला बोलावून तो दाखवला. शिपायानं साहेबांना जाऊन सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कागद माझ्या नावावर झाला. पेडणेकरांचं वाईट झालं नाही. त्यांना त्याच सुमारास हायवेवरच्या दोन पेट्रोल पंपांचं काम लागलं आणि ते आमच्या गावात यायचेच बंद झाले. मशीन मी विकलं नाही. बाबलनी दुसरं घेतलं, आणि घ्यायच्या आधी मला कुडाळला दुकानात बरोबर घेऊन गेले. कुडाळच्या त्या फेरीत मी कारखान्याच्या फाटकासमोरून गेले, आत गेले नाही. आजवर माझं काम अडलं की त्यांचं मशीन येतं आणि त्यांचं अडलं की माझं जातं. गाड्या त्यांच्या, फरशा आणि गच्च्या माझ्या, असं आम्ही कधी बोलून ठरवलं नाही, पण गावाला ते माहीत आहे.

माझी समजूत मात्र पक्की झाली होती. मी जयवंतला सांगून टेम्पोच्या मागे रंगवून घेतलं: 'गरम पाण्याने धुलाई'. गिऱ्हाइकाला मी मासळी बाजाराची गोष्ट सांगायचे. थंड पाण्यानं कसं तेल जात नाही, बायकांच्या पायांना ते कसं कळलं, साहेबांच्या डोळ्यांना कळलं नाही ते. लोक ऐकायचे आणि काम द्यायचे. ती गोष्ट सांगण्यात मी तरबेज झाले होते.

त्या गोष्टीला सहा-सात महिने झाले असतील. शिमगा होऊन गेला होता. एका दुपारी बाजार धुऊन झाल्यावर मी पायरीवर आवडाकाकीशेजारी बसले होते. तिनं मला सोलकढी दिली होती, पितळेच्या पेल्यात. शहरातून आलेलं एक जोडपं बाजार बघून चाललं होतं. बाजार इतका स्वच्छ कसा, असं त्यांनी विचारलं आणि मी माझी गोष्ट सुरू केली. गरम पाणी, सोडा, तेल, बायकांचे पाय. आवडाकाकी सगळं ऐकत होती. ते लोक गेल्यावर ती म्हणाली,

"असा सांगतंस होय तू लोकांका?"

मी म्हटलं, मग काय चुकलं.

"फरशेचा काय गो? धुतली तरी दोन दिसांनी परत तशीच. आमचो जल्म गेलो त्या फरशेर. आमी पडणव नाय, गिऱ्हाइका पडतत."

मी पेला खाली ठेवला. मग का बसून राहिलात त्या दिवशी, असं मी विचारलं.

आवडाकाकीनं सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. त्या मंगळवारी पहाटे बायका बाजारात आल्या तर पहिल्या दोन रांगांतले पाट दोन कोपऱ्यांत ढीग करून टाकलेले. विळ्या एका टबात, गोणपाटं ओली, दगड बाहेर गटाराकडे. पाट सगळे दिसायला सारखे. कुणाचा कुठला ते कळेना. दोघी सख्ख्या जावांची पाटावरून अशी जुंपली की एकीची कोळंबी तशीच राहिली. बाजारातली जागा सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे जाते. कोण कुणाच्या डावीकडे बसते याला तिथे सातबाऱ्याइतकी किंमत, फक्त ते कुठे लिहिलेलं नाही. पाट तेवढा खूण म्हणून असतो. सकाळी सात वाजेपर्यंत दोन रांगांमध्ये रडारड चालली होती. तिसऱ्या रांगेतल्या बारा बायका मात्र आल्या, आपापल्या पाटावर बसल्या आणि मासळी कापायला लागल्या.

"माज्या पाटाखाली दगड आसा," आवडाकाकी म्हणाली. "माजी सासू तो खाडयेतसून हाडून गेली. तेचो सपाट भाग भितीकडे लागता, नायतर पाट डुलता. तू तो भितीकडेच करून ठेवलंलंस. मी पायरेर बसान बघी होतंय."

मला तो दगड आठवतही नव्हता. मी बारा दगड उचलले होते आणि बारा ठेवले होते, आणि माझं सगळं लक्ष पाणी तापलं की नाही याच्याकडे होतं. त्या दिवशी मी काय चांगलं केलं होतं, ते माझ्याखेरीज सगळ्या बाजाराला माहीत होतं.

घरी येऊन मी जयवंतला हे सांगितलं. तो काज करत होता. टाका पूर्ण करून त्यानं दोरा तोडला आणि विचारलं की मग टेम्पोवरची अक्षरं पुसायची का. मी म्हटलं, राहू देत, पाणी गरमच असतं.

याला आता चौदा वर्षं झाली. माझी तीन मशीनं आहेत आणि बरोबर चार बायका काम करतात, दोन माझ्याच जुन्या कारखान्यातल्या. नवीन बाई आली की मी तिला पहिले आठ दिवस गनला हात लावू देत नाही. आधी फक्त सामान बाहेर काढायचं आणि होतं तसं आत ठेवायचं. तिला राग येतो. येऊ दे.

आवडाकाकी चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या पाटावर आता तिची सून बसते. जायच्या आधीच्या वर्षी एकदा मी बाजार धुऊन मशीन टेम्पोकडे ओढत नेत होते. माझी कंबर त्या दिवसांत दुखायची. आवडाकाकीनं मला हाक मारली आणि तिसऱ्या रांगेच्या टोकाला नळाशेजारची जागा दाखवली. तिची नणंद तिथे बसायची. ती वारल्यापासून जागा रिकामी होती, आणि एवढ्या वर्षांत तिथे कुणी टोपलीसुद्धा टेकवलेली मी पाहिली नव्हती. जागा मागायला येऊन गेलेल्या कितीतरी होत्या.

"रोज ह्या धूड नेतंस नि हाडतंस," ती म्हणाली. "हंय ठेय."

मी मशीन तिथे ठेवलं. तिनं स्वतःच्या हातानं त्यावर गोणपाट घातलं.

परवा शनिवारी मी नळावर हात धूत होते. कुठून तरी नवीन आलेली एक मुलगी डोक्यावर बांगड्याची पाटी घेऊन जागा शोधत होती. गोणपाट घातलेलं मशीन बघून तिनं शेजारच्या बाईला विचारलं की इथे कोण बसतं. ती सुरमई कापत होती. तिनं मान वर केली नाही, मी तिथे आहे हेही तिनं पाहिलं नव्हतं.

"थंय नको बसू," ती म्हणाली. "ती सुलभाची जागा."